ऑपरेशनच्या आधी अन् नंतर लवकर बरं होण्यासाठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सर्जरी वॉर्डात सिस्टर आहे, मराठवाड्यातच, आणि ज्यांच्या घरात ऑपरेशन ठरलंय अशा लोकांचे तेच ते प्रश्न वर्षानुवर्षं येतात, कधी वॉर्डाच्या दारात, कधी रात्री अकराला फोनवर. म्हणून एकदाच सगळं लिहून काढलं. तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला वेगळं काही सांगितलं असेल तर त्यांचं ऐका, कारण पेशंट त्यांनी तपासलाय, मी नाही. पण का सांगितलं हे मात्र विचारा.

१. डॉक्टर "इरास" म्हणाले. हे काय नवीन मशीन आहे का?

मशीन नाही, औषध पण नाही. एन्हान्स्ड रिकव्हरी आफ्टर सर्जरी याचं ते छोटं नाव. म्हणजे ऑपरेशन ठरल्या दिवसापासून ते पेशंट घरी जाऊन कामाला लागेपर्यंत सर्जन, भूलतज्ज्ञ, सिस्टर, आहारतज्ज्ञ, फिजिओ अन् घरचे या सगळ्यांनी एकाच ठरलेल्या पद्धतीनं चालायचं. १९९० नंतर डेन्मार्कच्या हेन्रिक केलेट नावाच्या सर्जननी हे सुरू केलं. त्यांनी साधा प्रश्न विचारला की ऑपरेशन नीट झालेला माणूस दहा-दहा दिवस दवाखान्यात कशामुळं पडून राहतो? उत्तर असं निघालं की दुखणं, उपाशी राहणं, नळ्या, जास्तीचं सलाईन अन् नुसतं पडून राहणं यांनीच तो अडकतो. हे एकेक कमी केल्यावर मोठ्या आतड्याचे पेशंट दोन-तीन दिवसांत घरी जायला लागले. २००१ मध्ये युरोपातल्या सर्जन लोकांनी यावर गट केला, २०१० मध्ये त्याची संस्था झाली. आता आतडं, सांधा, गर्भाशय, सिझर, प्रत्येकाच्या वेगळ्या सूचना आहेत.

२. याच्यानं माणूस लवकर बरा कसा काय होतो?

शरीराला ऑपरेशन म्हणजे मार लागल्यासारखंच असतं. मार लागला की शरीर ताणाची संप्रेरकं सोडतं, शुगर वाढते, इन्सुलिनचं काम मंदावतं आणि ताकदीसाठी शरीर स्वतःचेच स्नायू मोडून खायला लागतं. त्यात माणूस आधीपासून उपाशी, नंतर परत उपाशी, वरून पडून, मग स्नायू अजून जातात. इरासमधली प्रत्येक गोष्ट हा ताण थोडा थोडा कमी करते, एकट्या एका गोष्टीनं चमत्कार होत नाही. म्हणून "आम्ही फक्त लवकर चालवू, बाकी राहू द्या" असं करून उपयोग नाही, दुखणं थांबवलं नाही तर माणूस चालणार कसा?

३. हे पुण्या-मुंबईचं झालं, आमच्याकडं लातूर, नांदेड, परभणीला कुठं मिळतंय?

यातल्या निम्म्याहून जास्त गोष्टींना पैसाच लागत नाही. वेळेवर पाणी पाजणं, वेळेवर उठवणं, नको ती नळी काढून टाकणं, याला काय लागतं? बोर्डावर इरास लिहिलंय का ते शोधत बसू नका. डॉक्टरांना चार गोष्टी विचारा: पाणी किती वाजेपर्यंत प्यायचं, नंतर खायला कधी मिळणार, पहिल्यांदा कधी उठवणार अन् दुखण्यासाठी काय काय देणार. नीट उत्तरं मिळाली तर मोठं कॉलेज असो की तालुक्याचा दवाखाना, तुम्ही बरोबर जागी आहात.

४. ऑपरेशन महिनाभरानं आहे. तोपर्यंत आराम करावा का?

उलट. हा महिना म्हणजे पेरणीआधीची मशागत समजा. रोज अर्धा तास दम थोडा वाढेल असं चाला, जमेल तसं वाढवा, जिना असेल तर चढा. छाती-पोटाचं ऑपरेशन असेल तर श्वासाच्या व्यायामाचं, तीन छोट्या चेंडूंचं फुंकणी-ओढणीचं ते यंत्र आधीच आणून शिकून घ्या, नंतर दुखताना शिकणं लई अवघड जातं. दारू चार आठवडे आधी बंद, पण रोज भरपूर पिणाऱ्यानं डॉक्टरांना सांगून बंद करायची, एकदम सोडली तर झटके येऊ शकतात. आणि प्रोटीन वाढवा. वजनाच्या दर किलोला साधारण १.२ ते १.५ ग्रॅम, म्हणजे ५० किलोच्या बाईला दिवसाला ६० ते ७५ ग्रॅम. आपली भाकर अन् मिरचीचा ठेचा यात तेवढं होत नाही हो. घट्ट वरण, मटकी, हरभरा, सोयाबीन, शेंगदाणे, दूध-दही, अंडी, चालत असेल तर मटण-मासे. सोयाबीन आपण पोत्यानं मोंढ्यावर नेऊन घालतो अन् घरात मूठभर ठेवत नाही, ते ठेवा. किडनीचा आजार असेल तर मात्र प्रोटीन डॉक्टरांना विचारूनच.

५. आईचं हिमोग्लोबिन ८ आहे. डॉक्टर म्हणाले आधी रक्त वाढवा. रक्ताची बाटली लावून उरकता येत नाही का?

घाईचं ऑपरेशन नसेल तर डॉक्टर बरोबर सांगताहेत. बाईचं १२ च्या खाली अन् पुरुषाचं १३ च्या खाली म्हणजे रक्त कमी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्त कमी निघालं, म्हणजे हे घरोघरचं आहे, आणि घरोघरचं आहे म्हणूनच कुणी मनावर घेत नाही. कमी रक्तावर ऑपरेशन केलं की इन्फेक्शन वाढतं, दवाखान्यातला मुक्काम वाढतो. बाटली तेवढ्यापुरती भागवते, पण तिचे स्वतःचे धोके असतात. आधी रक्त का कमी झालंय ते शोधा: पाळी जास्त जाते का, मूळव्याध आहे का, जंत आहेत का. मग लोहाच्या गोळ्या, लिंबू-पाण्याबरोबर घेतलेल्या चांगल्या. चहा गोळीच्या आधी-नंतर तासभर तरी नको, आमच्याकडं बायका गोळी चहासोबतच घेतात अन् मग म्हणतात गुण येत नाही. गोळ्यांना आठवडे लागतात, वेळ कमी असेल किंवा पोटाला सोसत नसेल तर शिरेतून लोह देता येतं, ते विचारा.

६. बाबा तंबाखू खातात, बिडी ओढत नाहीत. मग काय अडचण?

अडचण आहे. निकोटीन कुठूनही गेलं तरी रक्तवाहिन्या आवळतं, जखमेला रक्त कमी पोचतं. बिडी-सिगारेटवाल्यांचं तर फुप्फुस पण खराब असतं. निदान चार आठवडे आधी बंद करा, तेवढे दिवस नसतील तरी आजपासून बंद करा. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे तरी खाणारे खातातच, त्यांच्यासाठी वेगळं सांगते: तोंड नीट उघडत नसेल, म्हणजे स्वतःची तीन बोटं उभी धरून दातांमध्ये जात नसतील, तर ते भूलतज्ज्ञांना आधी सांगा, कारण भूल देताना घशात नळी घालावी लागते अन् तोंडच उघडलं नाही तर ऐन वेळी जिवावर बेततं. लाजायचं काम नाही. आणि बायांनो, मिश्री म्हणजे पण तंबाखूच. आत्याबाईंना विचारलं तर म्हणतात मला कसलंच व्यसन नाही, अन् सकाळी तासभर दाताला मिश्री चालू असते.

७. रात्री १२ नंतर पाण्याचा थेंब पण नाही, असं सांगितलंय. खरंच गरज असते का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो अन् माझा जीव पण यातच जास्त अडकलेला आहे. माझ्या सासूबाईंचं पित्ताशयाचं ऑपरेशन मे महिन्यात झालं, सकाळी नऊला नंबर होता, आधीची केस लांबली अन् त्यांना आत घेतलं दुपारी दोनला. रात्री नऊपासून पोटात काही नाही, पाणी नाही, बाहेर बेचाळीसचं ऊन. ओठ फुटले, डोकं ठणकायला लागलं. मी स्वतः सिस्टर, अन् मी काही बोलले नाही, तेव्हा मला वाटायचं असंच असतं.

तसं नसतं. भुलीत उलटी होऊन ती फुप्फुसात जाऊ नये म्हणून पोट रिकामं लागतं, हे खरं. मेंडेलसन नावाच्या डॉक्टरनं १९४६ मध्ये बाळंतिणींमध्ये हा धोका दाखवला आणि मग पुढं "रात्रीपासून काहीच नाही" हे सगळ्यांनाच लागू झालं. पण पाणी पोटातून लवकर पुढं सरकतं. आता जगभर मानलेला हिशोब असा: भजी, पुरी, मटण असं तेलकट-जड खाणं ८ तास आधी बंद, हलकं खाणं अन् दूध ६ तास आधी बंद, आणि आरपार दिसणारं पातळ भुलीच्या २ तास आधीपर्यंत चालतं. आरपार म्हणजे पाणी, गाळलेलं लिंबू सरबत, ओआरएस, बिनदुधाचा चहा. दुधाचा चहा, ताक, उसाचा रस हे त्यात येत नाही. काही ठिकाणी साखरेसारखं एक पेय, ५० ग्रॅम पावडर ४०० मिली पाण्यात, दोन-तीन तास आधी देतात, त्यानं भूक-तहान अन् अस्वस्थपणा कमी होतो.

म्हणून आदल्या दिवशीच विचारा, माझा नंबर कितवा, पाणी किती वाजेपर्यंत? नंबर पुढं ढकलला तर परत विचारा. स्वतःच्या मनानं मात्र पिऊ नका, अन् चुकून काही खाल्लं-प्यायलं तर लपवू नका. सांगितलं तर ऑपरेशन फार तर काही तास पुढं जाईल.

८. मग हे दोन तासांचं सगळ्यांनाच चालतं का?

नाही. आतडं अडकलंय, सारखी उलटी होतेय, बाळंतपणाच्या कळा चालू आहेत, इमर्जन्सी आहे, बरीच वर्षं शुगर असून खाल्लेलं पोटात तसंच राहतं, छातीत सारखं आंबट येतं, अशांना वेगळे नियम. वजन किंवा शुगर कमी करायला आठवड्याला एकदा घ्यायचं इंजेक्शन निघालंय, सेमाग्लुटाइड सारखं, त्यानं पोट हळू रिकामं होतं. ते घेत असाल तर भूलतज्ज्ञांना सांगितल्याशिवाय ऑपरेशनला जाऊच नका. साखरेचं पेय शुगरवाल्यांना विचारूनच.

९. बीपी-शुगरच्या गोळ्या त्या दिवशी घ्यायच्या की नाही?

सगळ्या गोळ्यांना एक उत्तर नाही. एटेनोलॉल, मेटोप्रोलॉल सारख्या गोळ्या सहसा चालूच ठेवतात, एकदम बंद केल्या तर हृदयाला त्रास. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल सारख्या बऱ्याचदा आदल्या दिवसापासून थांबवतात. थायरॉइडची घोटभर पाण्याबरोबर घ्यायची. शुगरच्या ज्या गोळ्यांच्या नावाच्या शेवटी "फ्लोझिन" येतं त्या साधारण तीन दिवस आधी बंद करतात, आणि हे सांगायचं बऱ्याच ठिकाणी राहून जातं म्हणून पाकीट काढून नाव वाचा. इन्सुलिनचा डोस डॉक्टर बदलून देतील, पूर्ण बंद करू नका. तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीए१सी) ८ च्या वर असेल तर बरेच डॉक्टर आधी ती आटोक्यात आणायला सांगतात, त्यात चिडायचं काही नाही.

रक्त पातळ करायच्या गोळ्या, खास करून हृदयात स्टेंट आहे त्यांच्या, शेजाऱ्याच्या सांगण्यावरून बंद करू नका, त्यात माणसं गेलीत. काढा, जडीबुटी, वैदूचं औषध काही चालू असेल तर ते पण सांगा. सगळी पाकिटं पिशवीत घालून घेऊन या, तेच सोपं.

१०. ऑपरेशनच्या दिवशी नेमकं काय वेगळं करतात?

बरंचसं तुम्हाला दिसणार नाही. अँटिबायोटिक चिरा देण्याआधीच्या तासाभरात देतात, अंग थंड पडू देत नाहीत, सलाईन मोजून देतात, जमेल तिथं दुर्बिणीनं करतात. नाकातली नळी गरज नसेल तर घालत नाहीत, लघवीची नळी लवकर काढतात. तुमच्या हातात एकच: घरी ब्लेडनं केस काढून येऊ नका. बारीक कापलं जातं अन् तिथूनच इन्फेक्शन होतं. गरज असेल तर दवाखान्यात मशीननं काढतात. साबणानं स्वच्छ अंघोळ करून या, बास.

११. दुखण्याची गोळी जास्त घेतली तर जखम उशिरा भरते म्हणे?

तसं नाही, दुखण्यापायी खोकला दाबून अन् पडून राहूनच बरं व्हायला उशीर होतो. दुखण्यासाठी आता एकच मोठं इंजेक्शन न देता थोडं थोडं वेगवेगळं देतात: पॅरासिटॅमॉल घड्याळ लावून, सोबत सूज कमी करणारं औषध, शिवाय पोटाच्या भिंतीत किंवा मणक्यात बधिर करायचं औषध. मग मॉर्फिन-ट्रामाडॉल सारखं कमी लागतं, अन् त्यानं होणारी मळमळ, गुंगी, बद्धकोष्ठ पण कमी होतं. दुखायला लागल्यावर गोळी घेऊ असं करू नका, ठरल्या वेळेला घ्या. आपली माणसं, खास करून म्हातारी माणसं, सोसतात अन् काही बोलत नाहीत. "दुखतंय का?" विचारलं तर नाही म्हणतील. "खोकून दाखवा" म्हणा, लगेच कळतं. किडनी किंवा अल्सरचा त्रास असेल तर सूज कमी करणाऱ्या गोळ्या डॉक्टरांशिवाय नाही.

१२. लगेच चालवलं तर टाके तुटणार नाहीत का?

नाही तुटत. टाके चालण्याचा ताण धरूनच घातलेले असतात. बहुतेक ऑपरेशनला त्याच दिवशी संध्याकाळी बसवतात, उभं करतात, दुसऱ्या दिवशी दोन-चार वेळा वॉर्डात फिरवतात. पडून राहिलं तर पायात रक्ताची गुठळी होते, छातीत कफ साठतो, आतडं सुस्त पडतं, स्नायू झपाट्यानं जातात. उठायची रीत अशी: आधी कुशीवर वळा, पाय पलंगाखाली सोडा, कोपरावर जोर देऊन बसा, दोन मिनिटं थांबा, चक्कर नाही ना बघा, मग उभं राहा. खोकताना पोटावर उशी दाबून धरा. पहिल्या खेपेला सिस्टर जवळ असल्याशिवाय उठू नका.

मणक्यातून भूल दिली असेल तर पायाला पूर्ण जोर येईपर्यंत थांबायचं. पण २४ तास बिनउशीचं सपाट झोपल्यानं डोकेदुखी टळते ही जुनी समजूत आहे, तसं काही सिद्ध झालेलं नाही. बसल्यावर डोकं दुखतं अन् आडवं झाल्यावर थांबतं असं झालं तर सांगा, त्याला इलाज आहे.

आणि भेटायला येणाऱ्यांना विनंती, पेशंट चालत असेल तर "अगं माय, कशाला उठलीस" म्हणून परत झोपवू नका. हात धरून दोन फेऱ्या मारा, तीच खरी भेट.

१३. खायला कधी द्यायचं? भात, वरण, वांगं यानं पू होतो का?

पू जंतूंमुळं होतो. भातानं, तुरीच्या वरणानं, बटाट्यानं नाही होत. या पथ्यापायी बाईला पंधरा दिवस नुसती पेज अन् बिस्किटं देतात, अन् जखम भरायला जे लागतं तेच प्रोटीन बंद करून टाकतात. मी हे इतक्या वेळा बघितलंय की आता राऊंडला डबा उघडूनच बघते.

बऱ्याच ऑपरेशनला काही तासांत पाणी अन् त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी हलकं खाणं सुरू करता येतं, "गॅस सुटेपर्यंत काही नाही" हे आता सगळीकडं धरत नाहीत. आतड्याला जोड असेल तर मात्र सर्जन सांगतील तेव्हाच. थोडं थोडं, पाच-सहा वेळा द्या: मऊ खिचडी, दही, अंडं, दुधात कुस्करलेली भाकर. वरणाचं वरचं पाणी नाही, खालचं वरण. पोटाच्या ऑपरेशननंतर दिवसातून तीनदा बिनसाखरेचं च्युइंगम चघळायला सांगतात, त्यानं आतड्याला जाग येते. वांगं आवडत असेल तर खा.

१४. सिझरला पण हेच? आमच्याकडं बाळंतिणीला पाणी देत नाहीत.

सिझरला तर नक्कीच. सगळं ठीक असेल तर दोन तासांत खायला-प्यायला सुरू करता येतं, लघवीची नळी लवकर काढता येते, बाळ लगेच अंगाला लावायचं. बाळंतिणीला पाणी तोडायचं नाही. पाण्यानं पोट सुटत नाही, टाके पिकत नाहीत, उलट अंगावर पाजणाऱ्या बाईला पाणी जास्त लागतं. डिंकाचे, अळिवाचे लाडू खुशाल द्या, पण पाण्याचा तांब्या उशाला पाहिजेच. चालण्याचं प्रश्न १२ प्रमाणे.

१५. दोन दिवसांत घरी जा म्हणतात. बेड मोकळा करायचा असेल त्यांना.

तारखेवर नाही, पेशंटकडं बघून ठरवा. खाणं पोटात टिकतंय, गोळ्यांवर दुखणं सोसवतंय, स्वतःच्या पायानं संडासला जातोय, लघवी होतेय, ताप नाही, एवढं असेल तर घर चांगलं, दवाखान्यात राहून दुसऱ्याचे जंतू लागतात. यातलं एक जरी नसेल तर ते सरळ बोला. गाव लांब असेल, किनवटच्या आतलं किंवा आष्टीच्या कडेचं, तर एक-दोन रात्री शहरात नातेवाइकाकडं थांबा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशन झालं असेल तर डिस्चार्जनंतर १० दिवसांपर्यंतची तपासणी-औषधं पॅकेजमध्येच असतात, आरोग्यमित्राला विचारून घ्या. निघण्याआधी फोन नंबर, गोळ्यांची वेळ अन् परत यायची तारीख लिहून घ्या.

१६. घरी गेल्यावर कशाला घाबरायचं?

ताप १०१ च्या वर, जखमेतून पू किंवा वास, पोट फुगून उलट्या, सहा-आठ तास लघवी नाही, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत चाललंय: त्याच दिवशी फोन करा. एका पोटरीला सूज अन् दुखणं, अचानक दम लागणं, छातीत कळ, भरपूर रक्त: फोनची वाट बघू नका, १०८ लावा. जखमेवर हळद, तेल, पावडर काहीच लावायचं नाही.

१७. अपेंडिक्स फुटलं, रात्रीच ऑपरेशन झालं. आधीची तयारी झालीच नाही, मग?

मग प्रश्न १० पासून पुढचं सगळं धरा. इन्फेक्शन पसरलेलं असेल तर खाणं अन् नळ्या काढणं उशिरा होईल, ते चालतं. उठणं, श्वासाचं यंत्र अन् दुखण्याची औषधं मात्र पहिल्या दिवसापासून.

१८. आजोबा ८० चे आहेत, त्यांना हे झेपेल का?

त्यांनाच जास्त गरज आहे. वय झालेल्या माणसाचे स्नायू आठवड्यात गेले तर परत यायला महिने लागतात. शिवाय ऑपरेशननंतर रात्री बरळणं, माणसं न ओळखणं असं होऊ शकतं. त्यासाठी चष्मा, कवळी, ऐकायचं यंत्र लगेच परत द्या, घड्याळ दिसू द्या, ओळखीचं एक माणूस जवळ ठेवा, रात्री झोपू द्या. त्यांच्या बाबतीत प्रश्न ११ परत वाचा.

१९. पिशवी (गर्भाशय) काढायला सांगितलीय, दसऱ्यानंतर ऊसतोडीची टोळी निघणार, मुकादमाची उचल (आगाऊ पैसे) घेतलीय. लवकर बरं व्हायच्या या पद्धतीनं तीन आठवड्यांत ऊसतोडीला जाता येईल का?

नाही, ताई. घरातल्या घरात हिंडणं लवकर होईल, पण आतली जखम तिच्या वेळेनंच भरते. पिशवीच्या ऑपरेशननंतर साधारण सहा ते आठ आठवडे वजन उचलायचं नाही अन् उसाची मोळी तर डोक्यावर घेऊन गाडीत चढवायची असते. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हिशोब दोघांचा मिळून असतो, एक दिवस खाडा झाला तरी पैसे कापतात, हे मला माहीत आहे, तरी उत्तर तेच आहे.

त्याच्याही आधीचं विचारते, पिशवी काढायलाच पाहिजे का? २०१९ मध्ये राज्य सरकारनं नेमलेल्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची माहिती घेतली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली, कित्येक तिशी-चाळिशीच्या. अंगावर पांढरं जाणं, पाळी जास्त जाणं, ओटीपोट दुखणं याला बऱ्याचदा गोळ्या-औषधं असतात. कॅन्सर होईल म्हणून भीती घातली असेल तर आधी तपासणी करून मागा. सोनोग्राफीचे कागद घेऊन जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाई, लातूर, नांदेड, संभाजीनगरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. पिशवीसोबत अंडाशय पण काढणार का हे पण विचारा, कारण ते लहान वयात काढलं तर हाडं लवकर ठिसूळ होतात. एवढं करूनही काढायचीच ठरली अन् घाई नाही म्हणाले, तर मार्च-एप्रिलमध्ये टोळी परत आल्यावरची तारीख मागा, तोपर्यंत लोहाच्या गोळ्या चालू ठेवा, आणि पुढच्या हंगामाच्या आत अंगात ताकद यायला चार-पाच महिने हातात राहतात.